झोळीतलं खरं वजन

मित्रांनो, मी लहान बाळांचं वजन करणारा एक जुना वजनकाटा आहे. दिसायला मी अगदी साधा. गोल तबकडी, एक लाल सुई, वर अडकवायला कडी आणि खाली कापडी झोळी. बाळ झोळीत बसलं की माझ्या पोटातली स्प्रिंग ताणली जाते आणि सुई पुढे सरकते. एवढंच माझं काम.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी थेट मोठ्या रुग्णालयाच्या बालविभागात गेलो. हजारो बाळं माझ्या झोळीत रडली, हसली, काहींनी तर झोळी ओलीही केली. सुई जरा पुढे गेली की आयांचे चेहरे खुलत, आणि मलाही धन्य वाटे. मग एके दिवशी विजेवर चालणारा नवा काटा आला. त्याचे आकडे आपोआप उजळत. मला गोणपाटात गुंडाळून कोठीच्या खोलीत टाकून दिलं. तीन वर्षं कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मला तिथून बाहेर काढलं एका मुलीनं. ती डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. बांधकाम मजुरांच्या वस्तीत दर रविवारी जाऊन मुलं तपासायची, असं तिनं ठरवलं होतं. कोठीवाले काका म्हणाले, "ने बाई, नाहीतरी भंगारातच जायचाय." तिनं मला पुसलं, सुई शून्यावर आणली आणि पिशवीत घातलं.

वस्तीतल्या बाया सकाळी कामावर जात. म्हणून ती संध्याकाळी, त्या परतल्या की येई. पत्र्याच्या शेडच्या आडव्या बांबूला मला टांगी. मुलं तिला 'काटेवाली ताई' म्हणू लागली. पुन्हा कामाला लागलो म्हणून मी अगदी खुशीत होतो.

तिथे विटा वाहणारी एक बाई होती. तिची नऊ महिन्यांची मुलगी, लाडाचं नाव भिंगरी. पहिल्या रविवारी मी तिचं वजन सहा किलो सहाशे दाखवलं. ताई म्हणाली, "कमी आहे, पण धोक्याच्या रेषेच्या जरा वर आहे. खाणं वाढवूया." दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मात्र आईनं मुलीला झोळीतून उचललं आणि ती तिथेच उभी राहिली.

"ताई, तुमचा काटा काय म्हणतो ते राहू द्या. ही मला हलकी लागते. दिवसभर विटा वाहते मी, वजन माझ्या हातांना कळतं."

दुसरी कोणी असती तर हसून सोडून दिलं असतं. ताई हसली नाही. ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि एकेक किलोचे मिठाचे पाच पुडे घेऊन आली. ते तिनं झोळीत ठेवले. माझी सुई पाचवर थांबायला हवी होती. ती साडेपाचवर गेली.

माझी स्प्रिंग थकली होती, मित्रांनो. रिकामा असताना मी बरोबर शून्य दाखवी, पण ओझं आलं की जास्तच ताणला जाई. भिंगरी खरी सहा किलोचीच होती. रेषेच्या खाली.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तिनं सगळ्या बायांना बोलावलं. "माझं चुकलं. काटा आणला, पण तपासला नाही. आत्तापर्यंत सांगितलेलं एकही वजन खरं नाही."

एक म्हातारी आजी म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात असा काटा चालला असता का गं?"

"नसता चालला, आजी," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "इथेही चालायला नको होता."

दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. ती परीक्षेला बसलीच नाही. भिंगरीला आणि तिच्या आईला घेऊन तिनं रुग्णालय गाठलं. भिंगरीच्या छातीत संसर्ग होता, दिसत नव्हता पण तिला आतून खात होता. "अजून पंधरा दिवस गेले असते तर अवघड होतं," असं मोठे डॉक्टर म्हणाले. ताईनं नवा काटा मागून आणून वस्तीतल्या सगळ्या मुलांची पुन्हा वजनं केली. आणखी चार मुलं रेषेखाली निघाली. त्या हुकलेल्या परीक्षेपायी ताईचे सहा महिने वाया गेले, पण तिनं त्याची कुरकूर कधी केली नाही. भिंगरी तीन आठवड्यांनी घरी आली.

मला मात्र ताईनं टाकून दिलं नाही. एका कारागिराकडून नवी स्प्रिंग बसवून घेतली. आता ती डॉक्टर झाली आहे आणि तिच्यामागून आलेले विद्यार्थी मला वस्तीत नेतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढंच सांगून मी थांबणार नाही. आपल्याला नकोशी झालेली वस्तू गरिबाच्या दारी धाडताना ती नीट तपासा, दुरुस्त करा, मगच धाडा. आणि एखादी आई काही सांगत असेल, तर माझ्या तबकडीवरची नजर काढून आधी तिच्याकडे बघा. त्या तीन रविवारी मी खोटं बोलत होतो, आणि मला स्वतःला ते कळलंही नव्हतं.