वाऱ्याचं पुढचं पान

लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गणपतीचा ठसा बसवता बसवता नानाजींचा हात थांबला. तुळसाबाईचं पत्र पुन्हा आठवलं होतं. त्याला त्यांनी उत्तरच दिलं नव्हतं.

एकोणसाठच्या जानेवारीत दिग्रसजवळच्या एका खेड्यातून ते आलं होतं, सोबत ओव्यांची एक वही. बाई दोन वर्षांपूर्वी प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकलेली. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे खाली घसरलेल्या. शेवटी लिहिलं होतं, 'दारव्ह्यात तुमी आमच्यासारख्यायचं छापता असं आयकलं. भीमजयंतीपर्यंत तुमचं पत्र आलं नाही तर मी समजीन का हे छापाजोगं नाही. मंग लेहनं सोडून देईन. दुसरी वही अर्धी झाली हाये, ते चुलीत घालीन.'

आज एप्रिलची नऊ तारीख होती.

नानाजी उत्तर लिहायला बसले नव्हते असं नाही. 'आपल्या ओव्यांतील सहजता' इथवर येऊन ते अडत आणि कागद फाडत. छापखाना काढून बारा वर्षं झाली होती. पुस्तकं छापली चार, त्यांतली बरीचशी अजून माळ्यावर. अशा माणसानं दुसऱ्याच्या लिहिण्याला चांगलं म्हणावं, ते कोणत्या तोंडानं? आणि छापतो म्हणून शब्द दिला, मग हेही पुस्तक माळ्यावर चढलं तर?

हातानं लिहिलेलं वाचून त्यांना खात्री वाटत नसे. शिशाच्या अक्षरखिळ्यांत जुळवून, कागदावर उमटवून पाहिलं की मगच विश्वास बसे. म्हणून त्यांचा कंपोझिटर हबीब दुपारी जेवायला गेला की ते वहीतलं एकेक पान स्वतः जुळवत, चार-पाच प्रूफं काढत, वाचत, आणि खिळे पुन्हा खणांत टाकत. लग्नसराईत खिळे अडकवून ठेवणं शक्य नव्हतं. प्रूफं मात्र फाडवत नसत. ती कोपऱ्यातल्या वाया गेलेल्या कागदांच्या ढिगात सरकवून देत. आपण हे करतो हे हबीबलाही कळू नये, असं त्यांना वाटे.

"नानाजी हायेत का?"

दारात हंसाबाई उभी होती. तिच्या भाचीच्या लग्नपत्रिका परवाच छापून गेल्या होत्या. नानाजींनी हातातला ठसा खाली ठेवला.

"पत्रिकेत काही चुकलं का?"

"पत्रिका ठीक हायेत. हे अर्धं हाये." तिनं पदराखालून एक चुरगळलेला कागद काढला आणि टेबलावर तळहातानं सरळ केला. "गठ्ठा ह्याच्यात बांधला होता. पुढचं पान कोनाच्या गठ्ठ्याले लावलं?"

नानाजींनी कागद ओळखला. त्यांनी खणांपाशी उभ्या हबीबकडे पाहिलं.

"ढिगातले कागद होते," हबीब म्हणाला. "महिनाभरापासून त्याच्यातच गठ्ठे बांधून राह्यलो. रोज नवे सापडते, मी म्हनलं बरं झालं."

तुळसाबाईला न विचारता तिच्या ओव्या अर्ध्या तालुक्यात पोचल्या होत्या. नानाजी स्टुलावर बसले.

"चूक झाली, बाई. ते अजून छापलेलं नव्हतं, म्हणजे..."

"चुकीचं राहू द्या. घरी हळदीच्या बाया बसल्या हायेत. माही भाची वाचून दाखवते, अन् त्या म्हनतात. इथं येऊन साऱ्या अडकल्या." तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मले वाचता येत नाही, पन जागा पाहून ठेवली."

बोट अचूक होतं. तिथं छापलं होतं:

पिठावर बोटानं लिहिलं माहं नाव,
वाऱ्या, तू आत्ताच नको येऊ, हिंडून ये गाव.

"मंग? वारा आला का नाही?"

नानाजी वही काढायला उठले, पण ओळी आधीच ओठांवर आल्या. खिळ्यांच्या खणांकडे बघत, हलक्या आवाजात ते म्हणाले:

"वारा म्हने, बसतो मी बाभळीच्या खाली,
लेक वाचून जाऊ दे, शाळा सुटून आली."

हबीब हसला. हंसाबाईनं ओठ हलवत ते दोनदा घोकलं.

"कोन बाई हाये हे?"

"तुळसाबाई. दिग्रसकडची."

"आता काय लेहून राह्यली?"

नानाजी खणांतले खिळे चाळू लागले.

"तिले कोनी सांगतलं का नाही, का दारव्ह्याच्या बाया तिचं गानं म्हनून राह्यल्या?"

"नाही सांगितलं."

"कायले?"

तीन महिने मनाशी घोळवलेली सगळी कारणं त्यांनी आठवून पाहिली. मग ढिगातून पुढच्या दोन पानांची प्रूफं काढून हंसाबाईच्या हातात ठेवली.

हंसाबाई निघून गेली. नानाजींनी ड्रॉवर उघडला. जानेवारीत आणलेलं पाकीट वरच होतं, पत्तासुद्धा लिहून झालेला. ते त्यांनी बाजूला सारलं आणि खालचं एक साधं पोस्टकार्ड घेतलं.

'तुळसाबाई, लेहनं सोडू नका. पयली वही छापून राह्यलो. दुसरी पाठवा. बाया वाट पाहून राह्यल्या.'

एकदाही खाडाखोड झाली नाही. चपला घालून ते तसेच पोस्टाकडे निघाले. हबीब हात पुसत मागे आला आणि पेटीपाशी त्यांना गाठून त्यानं कार्डाकडे पाहिलं.

"पाकिटात तरी टाकायचं, नानाजी. माही बहीन त्याच गावात देली हाये. तिथला डाकवाला कार्ड आलं का पारावर उभा राहून मोठ्यानं वाचते. पुरं गाव आयकते."

"ठाऊक आहे," नानाजी म्हणाले. "तूच एकदा सांगितलं होतंस."

आणि त्यांनी कार्ड पेटीत सोडलं.