पुलाच्या पत्राचं अस्तर

बावीस वर्षांपूर्वी त्या पत्राला अस्तर लावलं ते मीच, तेव्हा शिव्या घालायच्या तर आधी मला घाला.

जुने कागद सांधणं हे माझं काम. कागद पालथा घालायचा, पाठीला खळ लावायची आणि वर नवा कागद चिकटवायचा. त्या पत्राच्या पाठीवर तीन-चार ओळी होत्या, मला दिसल्या होत्या. पण आमच्या वस्तादांची शिस्त कडक. मजकूर वाचायचा नाही, वाचला की हात अडखळतो. "मागे कच्चं लिखाण आहे, झाकून टाक," म्हणाले. मी मुकाट्यानं झाकलं. मोठी शहाणी ना मी!

पत्र युद्धातलं, तेव्हाच्या पंतप्रधानांनी सेनापतींना लिहिलेलं. पुढची बाजू शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. शूर जवान, मायभूमी, वगैरे वगैरे. परवा संग्रहालयाच्या साहेबांनी ते प्रदर्शनासाठी माझ्याकडे दिलं. अस्तर पिवळं पडलंय, बदला म्हणाले. मी पत्र पाण्यात भिजवलं, जुनं अस्तर सोडवलं आणि या वेळी वाचलं.

'उद्या पहाटे पूल उडवा. पलीकडच्या तुकडीसाठी थांबू नका. ती पळून गेल्याचं जाहीर करा.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तुकडीचे हवालदार माझे बाबा. शत्रूच्या कैदेतून दोन वर्षांनी सुटून आले, ते गावभर पळपुटे ठरायला. दुकानात आईशी कुणी धड बोलत नसे. शाळेत माझं नावच 'पळपुट्याची पोर' पडलं होतं.

साहेबांनी त्या ओळी वाचल्या आणि चष्मा काढून पुसत बसले. "बाई, होतं तसं अस्तर लावून टाका. इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढायचं?"

"तुमच्या बापाचं काय जातंय?" मी ओरडलेच. "माझा बाप जिवंत आहे अजून! झाकायचं तर तुम्ही झाका. ही खळ, हा ब्रश. घ्या!"

ब्रशला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. मी त्यांच्या देखत दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि तडक घर गाठलं.

बाबा खिडकीपाशी नखं कापत बसले होते. मी सगळं वाचून दाखवलं. वाटलं, आता रडतील, नाहीतर निदान सुटकेचा निःश्वास तरी टाकतील. कसचं काय!

"तारीख काय आहे?"

"सोळा."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "सोळाला संध्याकाळी वायरलेसवर हुकूम आला, मदत निघालीय, जागा सोडू नका. सगळी पोरं म्हणत होती, हवालदार, पूल आहे तोवर निघू या. आणि मी..." त्यांनी खिडकीवर मूठ आपटली. "मी त्यांच्यावर बंदूक रोखली गं! म्हटलं, जो हलेल त्याला गोळी घालीन."