अडखळ्याचा आवाज

नखबेडूक हे नाव आम्ही बेडूक पाळायच्या खोलीतल्या लोकांनी ठेवलेलं. पुस्तकातलं नाव इतकं लांबलचक आहे, की ते म्हणून होईपर्यंत बेडूक उडी मारून निघूनही जातो. अंगठ्याच्या नखाएवढा जीव, तांबडी पाठ, निळे पाय. जंगलात तो विषारी असतो, कारण तिथे तो ज्या मुंग्या खातो त्यांचं विष त्याच्या कातडीत उतरतं. मी त्याला बरणीत वाढवलेल्या फळमाश्या चारते, त्यामुळे आमचे बेडूक नुसतेच दिखाऊ. सासरी मला बेडूकवाली म्हणतात. म्हणोत बापडे. माणसांकडे उरलेले अकराच्या अकरा नखबेडूक माझ्या हातचं खाऊन जगत होते, आणि मला त्याचा माज होता, हे मी कबूल करते.

दहा-बारा वर्षांपूर्वी जंगलात एक बुरशी आली. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो, बराचसा श्वासही कातडीनेच घेतो. ती बुरशी कातडीवरच बसते आणि एक दिवस बेडकाचं काळीज थांबतं. एकामागून एक ओढे गप्प झाले. म्हणून आमच्या खोलीचे नियम सोवळ्यासारखे कडक. जो जंगलात गेला, त्याने आठ दिवस खोलीच्या दाराशीसुद्धा यायचं नाही. मी खोलीतली, त्यामुळे बेडकांत बावीस वर्षं काढूनही मी त्यांचं जंगल कधी पाहिलं नव्हतं.

जंगलातली मोजणी दोघांकडे होती. एक माझा सख्खा मोठा भाऊ, दुसरे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. मोजणीची जागा म्हणजे एक अरुंद, खोल घळ. पूर्वी दोघे बरोबर जायचे. पुढे कोणाला जास्त बेडूक ऐकू आले यावरून त्यांचं वाजलं, आणि दोन शहाणी माणसं एकमेकांना पाण्यात पाहू लागली. तेव्हापासून दादा घळीच्या पूर्वेकडून मोजायचा आणि मास्तर पश्चिमेकडून. दोघांची वेळ एकच, सकाळी सात, कारण कागदावरचा नियमच तसा होता. आमच्या साहेबीणबाई दोघांचे आकडे वेगवेगळे घ्यायच्या आणि एकाचं दुसऱ्याला कळू द्यायच्या नाहीत. त्यांना वाटे, बरंच झालं, दोन साक्षी मिळाल्या.

हे बेडूक कानानेच मोजावे लागतात. झाडांच्या खोडांवर रोपटी वाढतात, त्यांच्या पानांच्या बेचक्यात पेलाभर पाणी साठतं. बाप एकेका पिल्लाला पाठीवर घेऊन वर चढतो आणि त्या पाण्यात सोडतो. आई दर दोन-चार दिवसांनी येते आणि पिल्लाला खायला स्वतःचं एक अंडं घालून जाते. पिल्लू अंग थरथरवून तिच्याकडे मागतं. अशी पानं उचकटून बघायची कोणाला छाती होणार? म्हणून स्पीकरवर नराची हाक एक मिनिट लावायची, मग तीन मिनिटं गप्प बसायचं आणि किती नर उत्तर देतात ते लिहायचं.

बाकी सगळीकडे शून्य असताना घळीतून मात्र तीन वर्षं उत्तरं येत होती. दादाला सात, मास्तरांना नऊ. नर हाका मारताहेत म्हणजे तिथे बुरशी नाही, असा बाईंनी हिशोब बांधला, आणि तो मलाही पटला. सोमवारी त्यांनी आणि दादाने पाच नर आणि सहा माद्या घळीत सोडल्या. मी दारात उभी राहून पेट्या बाईंच्या हातात दिल्या आणि रडले.

नंतरचे दोन दिवस मी रिकामी काचघरं पुसत होते. पाण्याचे फवारे आपले वेळेवर सुटायचे आणि कोणावरच पडायचे नाहीत. बुधवारी मला ती शांतता सोसेना, म्हणून मी बाईंच्या खणातून दादाच्या रेकॉर्डिंगचं कार्ड काढलं. उत्तराची तीन मिनिटं तो पुरावा म्हणून मशीनमध्ये घेऊन ठेवायचा. माझे बेडूक कोणाच्या सोबतीला गेलेत, तेवढं ऐकावं म्हटलं.

हेडफोन लावला. पानांवर थेंब पडत होते. मग टक् टक् झालं. आणि मग हाक आली. टिक्, टिक्, टिक्, टि... टिक्.

 चौथ्या टिकेला अडखळणारा बेडूक मला एकच माहीत होता. तरुणपणी दुसऱ्या नराशी झोंबताना त्याचा घसा दुखावला होता, म्हणून त्याला आम्ही अडखळ्या म्हणायचो. तो दोन वर्षांपूर्वी माझ्या तळहातावर मेला होता. आणि इथे तो कधी लांबून, कधी कड्याजवळून, सात ठिकाणांहून ओरडत होता, सातही वेळा चौथ्याच टिकेला अडखळत होता. त्याच्या आधीची ती टकटक माझी होती. मी काचेवर अंगठीने दोनदा वाजवलं की तो गायला लागायचा. ज्या जंगलात मी कधी पाऊल टाकलं नाही, तिथे माझी अंगठी वाजत होती.

क्षणभर मी खरोखर भुताचा विचार केला. मग आठवलं. मोजणीसाठी लागणारी हाक मीच तर भरून दिली होती. बाईंना स्वच्छ आवाज हवा होता आणि अडखळ्याचा गळा सगळ्यांत मोठा होता. तीच हाक दादाच्या स्पीकरवर, तीच मास्तरांच्या. दोघांची घड्याळं मिनिट-दोन मिनिटं मागेपुढे, त्यामुळे दादा गप्प बसला की पलीकडे मास्तरांचा स्पीकर सुरू, मास्तर गप्प बसले की अलीकडे दादाचा. घळीचे कडे तो घुमवून एका आवाजाचे सात करत होते. तीन वर्षं हे दोघे एकमेकांना मोजत होते, आणि बोलत नसल्यामुळे हे कळायला काही मार्गच नव्हता.

मी दादाला फोन लावला. उत्तरांच्या आधी टकटक ऐकू यायची का, एवढंच विचारलं.

"यायची की," तो म्हणाला. "आपल्या स्पीकरच्या हाकेतही ती आहेच, दोन्हीकडे सुतारपक्षी असेल म्हटलं. का गं?"

का ते सांगितल्यावर त्याने भांडणानंतर पहिल्यांदाच मास्तरांना फोन लावला. मग मी बाईंना सगळं सांगितलं. घळीत एकही नर नव्हता, म्हणजे घळ मेलेली होती, आणि जगातले शेवटचे अकरा आम्ही हाताने तिच्यात नेऊन ठेवले होते. त्यांनी डोळे पुसले आणि सांगितलं, की आजच्या आज जाऊन सगळे परत आणा, वेगळ्या खोलीत औषधाच्या पाण्यात ठेवू, माझ्यापेक्षा ते तुलाच ओळखतात, तू जा.

अशी मी बावीस वर्षांत पहिल्यांदा जंगलात गेले. दुपार होती, तरी घळीत उजेड खाली पोचत नव्हता. सगळं ओलं, हिरवं आणि बेडकांना हवं तसं होतं. पेलेच्या पेले भरलेली पानं होती. आणि त्यात कुणीच नव्हतं. ओढ्याचा सोडला तर कसलाही आवाज नाही. सजवलेल्या घरातली माणसं नुकतीच उठून गेल्यासारखं वाटत होतं. मला तिथे थांबायची भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

त्यांना बोलवायचा उपाय एकच. मी स्पीकर दगडावर ठेवला आणि अडखळ्याला लावलं. मेलेल्याच्या आवाजावर जिवंत बेडूक यायला लागले. नर भांडायला आले, छाती काढून स्पीकरवर चढले आणि अलगद माझ्या हातात आले. पाचही मिळाले. माद्या हळू आल्या. एकीने तर स्पीकरच्या जाळीवर पुढचा पाय ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. तिला उचलताना मला फार अपराधी वाटलं. संध्याकाळ व्हायच्या आत पेटीत दहा झाले. दादा पेटी घेऊन वर गेला, मास्तर त्याला हात द्यायला गेले. अकरावी मादी तेवढी राहिली होती.

स्पीकरची बॅटरी उतरली, म्हणून मी तो बंद करून पिशवीत टाकला. तेवढ्यात ती मला दिसली. एका खोडावर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, हात लांब केला की मिळेल इतकी जवळ. मी हात पुढे केलाही. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिचं तोंड वरच्या पानाकडे होतं, आणि त्या पानातून हाक आली.

टिक्, टिक्, टिक्.

"सापडली का गं?" दादाने वरून ओरडून विचारलं, आणि चौथी टिक त्यात बुडाली.

माझे पाचही नर वर पेटीत होते. स्पीकर पिशवीत बंद होता. मग एक तर या घळीत एखादा नर इतकी वर्षं बुरशीला पुरून उरला होता आणि इतक्या वर्षांनी त्याच्या हाकेला कोणीतरी येत होतं. नाहीतर दिवसभर तो एकच आवाज ऐकून माझे कान मला फसवत होते. नाहीतर तिसरं काहीतरी होतं, आणि त्याचा विचार करायची माझी तयारी नव्हती. मादी एक पाऊल वर चढली. पान माझ्या डोक्याच्या जरा वर होतं. टाचा उंच केल्या असत्या तर आत दिसलं असतं.

मी टाचा उंच केल्या नाहीत. आत नुसतं पाणी दिसलं असतं, तर मला तिला उचलावं लागलं असतं.

मादी पानाच्या कडेवर पोचली आणि आत उतरली.

"दहाच," मी वर ओरडून सांगितलं. "अकरावी दिसत नाही."