जागा सोडलेला नऊचा दगड

मित्रांनो, मी एक जुना मैलाचा दगड आहे. कळमनुरीच्या रस्त्याला असतो आणि माझ्या कपाळावर काळ्या अक्षरात 'कळमनुरी ९' असं लिहिलेलं आहे. मास्तर वर्गात एखाद्या लेकराला 'दगड आहेस नुसता' म्हणतात ना, त्याचा मला फार राग येतो. मला निदान नऊ तरी येतं, आणि ते मी कधी विसरलो नाही. पण सात वर्षं मी खोटं बोललो. ते पोटात घेऊन उभा राहिलो. उभ्या जागी जीव किती कासावीस होतो, ते ज्याला पळता येत नाही त्यालाच विचारा.

मला नरसिंग नावाच्या पाथरवटानं घडवलं. काळ्या खडकाच्या खाणीतून मला फोडून काढलं, डोकं गोल केलं, पोट तासून गुळगुळीत केलं. पाठ मात्र खडबडीत ठेवली. पाठ कोण बघतंय, असं त्याचं म्हणणं. मग दोन माणसांनी साखळी धरून रस्ता मोजत आणला. साखळी जिथं संपली तिथं खड्डा खणून मला कमरेपर्यंत पुरला. एक पाऊल अलीकडं नाही, एक पाऊल पलीकडं नाही. नरसिंगानं माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "हलू नको. तुला दुसरं काही काम न्हाई."

काय दिवस होते ते! बाया डोक्यावरचा भारा उतरवून माझ्यावर हात टेकायच्या. लग्नाच्या पत्रिकेत 'नऊच्या दगडापासून आत' असा पत्ता छापायचे. एसटीचे कंडक्टर थांब्याचं नावच 'नऊचा दगड' असं पुकारायचे. गावाला वेस असते, तसा मी होतो. थोडा ताठा होता माझ्यात, आणि का नसावा? मोजून बसवलेला होतो मी, वाटेत पडलेला नव्हतो.

पुढं रस्ता रुंद करायला घेतला. मशीननं मला उपटलं आणि डोकं खाली, पाय वर असा नालीत फेकलं. चार महिने तोंडात चिखल घेऊन पडून होतो. ज्यांनी माझ्यावर विळे घासून धार लावली, त्यांतला एकही विचारायला आला नाही. आली ती सोजराबाई.

सोजराबाई म्हणजे जळबाची बायको. जळबा जाऊन बरीच वर्षं झालेली. लोकांच्या हळदीत राबून राबून या बाईचे तळहात कायमचे पिवळे पडले होते, आणि जीभ अशी की कंडक्टरसुद्धा तिकीट देताना दूर उभा राहायचा. तिचं घर रस्त्यालाच, पण माझ्या अलीकडं, कळमनुरीच्या बाजूला. बाजाराच्या दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती यायची, तर एसटी तिच्या दारावरून पुढं जायची आणि तिला माझ्यापाशी उतरवायची. मग साडेतीनशे पावलं मागं चालायचं. ती रोज भांडायची आणि कंडक्टर रोज एकच सांगायचा, थांबा नऊच्या दगडापाशी आहे, तुमच्या उंबऱ्यापाशी नाही.

मी नालीत दिसलो तशी तिची कंबर ताठ झाली. शेजारच्या हरिचंदाची बैलगाडी जुंपायला लावली, मला त्यात घातलं आणि थेट स्वतःच्या दारासमोर, लिंबाच्या सावलीत पुरलं. उरलेला चुना मला फासला. तिची नात आकांक्षा तेव्हा नववीत होती. तिनं माझा आकडा नव्यानं काढला. तिला वाटलं, आजी पडलेला दगड उचलून पुण्य करते आहे. पुढं कामावरची माणसं आली. त्यांनी आठ, सात, सहा आपापल्या जागी मोजून बसवले, आणि मी उभा दिसलो तसं मला न मोजताच निघून गेली.

एसटी दारात थांबायला लागली. सोजराबाई महिनाभर गावात सांगत होती की तिनं भांडून एसटी वाकवली; रस्त्याच्या कामात जुन्या खुणाच गेल्या होत्या, म्हणून माझी जागा बदललेली कोणाच्या ध्यानात आली नाही. खरं सांगतो, मलाही ती सावली आवडली. तिथं कोणी धार लावत नव्हतं, दिवाळीला अंघोळ मिळत होती. खोटं पहिल्यांदा असंच गार लागतं.

ती आकांक्षा मोठी झाली. कोणतीच गोष्ट शेवटाला न्यायची नाही, असा तिचा स्वभाव. शिवणक्लास अर्धा, टायपिंग अर्धं. सोजराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की हिची भाकरसुद्धा एकाच बाजूनं भाजलेली असते. पदवी झाल्यावर या पोरीनं ठरवलं की वनरक्षक व्हायचं. त्या भरतीत पोरींना तीन किलोमीटर धावावं लागतं आणि लेखी परीक्षाही असते. घरात कोणी विश्वास ठेवला नाही. तिचा बाप प्रमोद एवढंच म्हणाला की बूट आणून देतो, पण अर्ध्यात सोडले तर ते घालून मी हळदीत जाईन.

नऊपासून सहापर्यंत बरोबर तीन. म्हणून ती माझ्यापासून पळायला लागली. उजाडता उजाडता यायची, मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबायची आणि सहाच्या दगडाला हात लावून परत यायची. परतल्यावर एका खिळ्यानं माझ्या पाठीवर एक रेघ ओढायची. जी पाठ कोणी बघणार नव्हतं, ती भरत चालली. पहिल्या आठवड्यात तीनच रेघा होत्या. मग पाच. मग एकही दिवस खाली जाईना. थंडीत नाही, हळद शिजवण्याच्या धुरात नाही, मावसबहिणीच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा नाही. हाताला मेंदी आणि पायात बूट! पळून आली की त्याच घामात माझ्याशेजारी पुस्तक उघडायची. आधी दहा मिनिटांत जांभई देणारी पोरगी तास तास गणितं सोडवायला लागली. एकदा मैत्रिणीला म्हणाली, "पहिल्या दगडाला वाटते का आता न्हाई होत. दुसऱ्याला तसंच वाटते. तरी पाय चालू ठेवायचे. गणिताचंबी तसंच हाय."

मित्रांनो, तिला असं बदलताना पाहून मला आनंद व्हायला हवा होता. पण मी आतून नुसता जळत होतो. कारण तिचं पहिलं किलोमीटर तीन मिनिटांत संपायचं आणि पुढची दोन पावणेपाच-पावणेपाच मिनिटांची. हरिचंद म्हणायचा, काय सुरुवात आहे पोरीची, जशी हरणी! हरणी कसली? ते किलोमीटर साडेतीनशे पावलांनी कमी होतं. ते मला माहीत होतं, सोजराबाईला माहीत होतं, आणि हरिचंद आपल्या बैलांसकट ते विसरून गेला होता.

तिची मैत्रीण वैष्णवी सायकलवरून तिच्या बाजूनं यायची. एकदा तिच्या मोबाइलनं सांगितलं की हे तीन नाहीतच, अडीचपेक्षा थोडं जास्त आहे. मला वाटलं, सुटलो! पण सगळे हसले. इथं फोन लावायला गच्चीवर चढावं लागतं, तो मोबाइल रस्ता काय मोजणार? सोजराबाई दारात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "सरकारी दगड हाय तो. मोबाइलपेक्षा जुना हाय." एवढं बोलून तिनं निवडलेले तांदूळच पुन्हा निवडायला घेतले. तेव्हापासून ती माझ्याकडं बघेनाशी झाली.

भरतीचा दिवस आला. पोरगी सकाळी हसत गेली आणि तिसऱ्या प्रहरी दारातच उतरली, पण घरात गेली नाही. मला पाठ टेकून खाली बसली. मैदानावर तिला सवयीप्रमाणं पहिलं किलोमीटर तीन मिनिटांत काढायचं होतं. ती जीव तोडून पळाली आणि पाचव्या फेरीतच तिचे पाय लाकडाचे झाले. घरी साडेबारा मिनिटं लागायची, तिथं पंधरा लागली. आजूबाजूचे जमले. कोणी म्हणालं घड्याळ चुकलं असेल, कोणी म्हणालं मैदान वाकडं असेल. सोजराबाईनं तर मैदानाच्या सात पिढ्या काढल्या. फार मोठ्यानं बोलत होती ती. ज्याला आतून भीती असते ना, तो असाच बोलतो.

माणसं पांगली. आकांक्षानं बुटांच्या नाड्या सोडल्या आणि हळूच म्हणाली, "घड्याळ बराबर होतं, आजी. माझ्यातच दम न्हाई. शेवट आला का मी सोडून देते, लहानपणापासून तशीच हाव मी. तू म्हणती ते खरं हाय. बूट बाबाला देऊन टाक."

बूट तिनं माझ्या पायाशी ठेवले. मित्रांनो, घणाचे घाव मी सोसले आहेत, पण ते दोन बूट मला जड झाले. तीनशे बारा रेघा होत्या माझ्या पाठीवर. एका खोट्या दगडापायी ती पोरगी स्वतःला खोटी म्हणून राहिली होती. ओरडावं तर तोंड नाही. नरसिंगानं सगळं दिलं, तेवढं द्यायचं राहिलं.

सोजराबाई उभी होती. पदर उगाच सारखा करत होती. सात वर्षांत तिनं कुणापुढं माघार घेतलेली मी पाहिली नव्हती. ती खाली बसली, तिचे गुडघे वाजले, आणि तिनं ते बूट उचलून पोरीच्या मांडीवर टाकले.

"दम तुझ्यात लई हाय," ती म्हणाली. "हा दगड इथला न्हाई. मी आणून लावला त्याला, एसटी दारात थांबावी म्हणून. त्याची जागा तिकडं पुढं हाय, साडेतीनशे पावलांवर. तू पुरं पळलीच न्हाईस आजपर्यंत."

आकांक्षानं मला टेकलेली पाठ उचलली. मग म्हणाली, "काहून न्हाई सांगितलं?"

"तोंडावर पडले असते गावाच्या," सोजराबाई म्हणाली. "आता पडले. बोल काय बोलायचं ते."

पोरगी बूट घेऊन घरात गेली आणि आठ दिवस आजीशी बोलली नाही. पण दुसऱ्याच सकाळी हरिचंदाची गाडी दारात आली. सोजराबाई स्वतः पुढं चालली. भेटेल त्याला आपण होऊन सांगत होती की दगड मी हलवला होता. सांगताना आवाज मात्र असा, जसं काही दगड परत नेऊन गावावरच उपकार करते आहे! या वेळी वैष्णवीच्या बापानं, उत्तमरावांनी शेत मोजायचा टेप आणला. आठच्या दगडापासून मोजत मोजत हजार मीटर भरले तिथं खणलं, तर माझा जुना खड्डा सापडला. मी त्यात बसलो. मुळीच सावली नव्हती. पाय जागेवर पडले आणि सात वर्षांनी माझ्या आतली घालमेल थांबली.

पोरीची मात्र तिथून सुरू झाली. पहिल्या दिवशी तिला पावणेपंधरा मिनिटं लागली. ती परत आली, माझ्या पाठीमागं गेली आणि बराच वेळ खिळा हातात धरून उभी राहिली. जुन्या रेघा खऱ्या धरायच्या की खोट्या? मला वाटलं, आता खरवडते. तिनं त्यांच्याखाली नवी रेघ ओढली, तीनशे तेरावी. अंतर कमी होतं, पण उठली तर ती रोज होती. ते कोणी हलवू शकत नव्हतं.

वर्ष गेलं. पाठ भरली, मग तिनं बाजूवर रेघा ओढायला घेतल्या. घरचा वेळ तेरा मिनिटं पाच सेकंदांवर आला आणि तिथंच राहिला. परवा दुसरी भरती झाली. संध्याकाळच्या एसटीची वेळ झाली तशी सोजराबाई काठी टेकत निघाली. साडेतीनशे पावलं तिला आता तीन दमांत होतात. येऊन माझ्या डोक्यावर पिवळा हात टेकून उभी राहिली. गाडी दिसेना, तर मलाच शिव्या देत होती.

गाडी थांबली. आकांक्षा उतरली. निवड झाल्याची यादी अजून लागायची होती, तेव्हा ते विचारण्यात अर्थ नव्हता. सोजराबाईनं एकच विचारलं, "किती?"

"तेरा मिनिटं चार सेकंद," पोरगी म्हणाली. "घरी लागतात तेवढेच, आजी."

म्हातारीनं तोंड फिरवलं. गाडी उशिरा आणली म्हणून कंडक्टरला दोन शब्द सुनावले, पोरीच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि पुढं चालायला लागली.

मित्रांनो, रस्त्याच्या कडेला माझ्यासारखा कोणी दिसला तर त्याच्यावर कागद चिकटवू नका, पडला असेल तर उचला, चुना लावा. पण आपल्या सोयीसाठी त्याला चार पावलंसुद्धा हलवू नका. तुम्हाला माहीत नसतं, उजाडायच्या आधी कोण त्याच्यावर भरवसा ठेवून पळत असतं.