गार वाऱ्याची अडलेली वाट

मित्रांनो, उन्हाळ्यात मोटारीत बसल्यावर तोंडावर गार वारा आला की तुम्ही एसीला शाबासकी देता. तो वारा ढकलणारा पंखा तुम्हाला कधी दिसत नाही. तो मी. लोट्याएवढा माझा आकार. मोटारीच्या पुढच्या फळीखाली एका पेटीत बसून मी जन्म काढला आणि आता परभणीच्या एका गॅरेजात जुन्या टायरांशेजारी पडून आहे.

माझं काम सोपं होतं. पेटीच्या खालच्या तोंडातून मोटारीतली हवा आत ओढायची, ती गार नळ्यांवरून न्यायची आणि वरच्या झरोक्यांतून बाहेर सोडायची. हैदराबादच्या एका दुकानात ही पेटी सूर्यभानच्या अँबेसिडरला बसवली. सूर्यभान परभणीचा, भाड्याची मोटार चालवणारा. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघाला की तो माणसं मोर्चाला पोचवायचा, लग्नसराई आली की नवरानवरीला. ‘गार मोटार’ म्हणून आमचं नाव पार पूर्णेपर्यंत गेलं होतं. कितीतरी नवरदेव मुहूर्ताच्या आधीच मोटारीत येऊन बसत आणि उतरायला तयार नसत.

आमच्या भागात उन्हाळ्यात घरच्या कूलरला वाळा लावतात. त्यावर पाणी पडलं की घरभर सुगंध सुटतो. सूर्यभानला वाटलं, आपल्या मोटारीनं काय पाप केलंय? त्यानं ओल्या वाळ्याची एक जुडी आणली आणि मी जिथून श्वास घेतो त्या तोंडात बसवली. पहिल्या दिवशी बसणाऱ्यांनी डोळे मिटून वास घेतला. माझं एवढं कौतुक पूर्वी कधी झालं नव्हतं.

पण मित्रांनो, कूलर अंगणातला वारा घेतो आणि मी मोटारीत शिरलेली रस्त्याची धूळ खातो. ती धूळ ओल्या वाळ्यावर बसली, तिचा चिखल झाला, तुटलेल्या काड्या माझ्या पात्यांत गुंतल्या. वारा मंदावला. गॅस कमी पडला समजून सूर्यभाननं एसीचा गॅस भरून आणला. नळ्या आणखी गार झाल्या. माझा श्वास कोंडलाय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, वालूरला एक लग्न होतं. नवरदेवाची आजी कस्तुराबाई सकाळपासून उन्हात फिरून पाहुण्यांना पाणी देत होती. भरदुपारी ती मांडवाच्या दारात कोसळली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी पदरानं वारा घातला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. गावच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऊन लागलंय, ताबडतोब परभणीला न्या आणि वाटेत अंग गार ठेवा, नाहीतर हाती लागायची नाही. नवरदेवासाठी ठरवलेली गार मोटार दारातच उभी होती. सगळ्यांना वाटलं, बाई वाचली.

मागच्या सीटवर सून कडूबाई सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली. अंगावर शिंपडायला घेतलेलं पाणी अर्ध्या वाटेत संपलं. काचा लावलेल्या, बाहेर झळा, आणि मी जीव तोडून फिरत होतो तरी झरोक्यातून नुसती फुंकर निघत होती. म्हातारीचा श्वास उथळ होत चालला.

“भाऊ, ह्यातून वाराच येईना,” कडूबाई म्हणाली.

गॅस परत संपला असेल, असं सूर्यभान पुटपुटला. कडूबाईनं पुढे वाकून झरोक्यावर तळवा धरला.

“संपला कसा? हात गार पडायलाय. गार हाय, पण जोर न्हाई. आत काय अडकलंय बघा की.”

सूर्यभाननं लिंबाच्या झाडाखाली मोटार थांबवली आणि फळीखाली हात घातला. चिखलानं लडबडलेली जुडी बाहेर आली. कडूबाईनं ती बघितली.

“हे कुणी घातलं?”

“मीच, वैनी.”

“घरचा कूलर समजलास व्हय?”

त्यानं मला क्षणभर थांबवून बोटांनी माझ्या पात्यांतल्या काड्या ओढून काढल्या. मला श्वास आला, पण वाट अजून बंदच होती. वारा अडल्यामुळे नळ्यांवर बर्फ धरला होता. सूर्यभाननं तो चाचपला आणि गार करायचं बटण बंद केलं. नुसता मी चालू राहिलो.

“आत्याबाई भाजायल्यात, अन् तू गार करणंच बंद करायलास?” कडूबाईचा आवाज फाटला.

“बर्फ वितळल्याबिगर वारा सुटायचा न्हाई, वैनी. मला शिव्या दे, पण एवढं ऐक.”

मोटार निघाली. मित्रांनो, एवढी लांब वाट मी दुसरी पाहिली नाही. मोटारीतली कोंदट हवा मी बर्फावर ढकलत होतो. म्हातारीनं डोळे पांढरे केले. तेवढ्यात पेटीतून पाणी गळायला लागलं. कडूबाईनं पुढच्या सीटवरून ओणवं होऊन त्याखाली पदर धरला आणि तो गार पदर सासूच्या कपाळावर, मानेवर, काखेत दाबला. पुन्हा धरला, पुन्हा दाबला. मग आत बर्फाचा तुकडा निसटला आणि झरोक्यातून वारा भसकन सुटला. सूर्यभाननं बटण परत चालू केलं. कडूबाईनं म्हातारीला उचलून वाऱ्यासमोर धरलं, ती थेट दवाखान्याच्या दारापर्यंत.

तिला आत नेलं. सूर्यभान तसाच बसून राहिला. मोटार रिकामी होती, तरी मला बंद करायला त्याचा हात धजेना. आता बंद केलं तर आत काही वाईट होईल, असं त्याला वाटत असावं. मीही थांबलो नाही. रिकाम्या सीटवर वारा घालत राहिलो.

ऊन कलल्यावर कडूबाई बाहेर आली. पदर अजून ओलाच होता.

“पाणी मागितलं त्यांनी,” ती म्हणाली. “अन् विचारायल्यात, पाहुणे जेवले का.”

सूर्यभाननं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग त्यानं मला बंद केलं.

त्यानंतर जोवर मी त्या मोटारीत होतो, तोवर भाडं ठरलं की तो आधी फळीखाली वाकायचा, पेटीचं तोंड फडक्यानं पुसायचा आणि मगच किल्ली फिरवायचा. मित्रांनो, एवढंच तुमच्याकडे मागतो. यंत्र असो की माणूस, त्याचा जोर कमी पडायला लागला तर त्याच्यावर आणखी भार घालण्याआधी एकदा वाका आणि त्याला श्वास घ्यायला वाट आहे का, ते बघा.