नसलेल्या मुलखातलं सात घरांचं गाव

बोलतो, पण हौस म्हणून नाही. तुम्हा माणसांना वस्तूंना बोलतं करायची खोडच आहे. फाटकी छत्री बोलते, पडका किल्ला बोलतो, शाळेतलं मोडकं बाक बोलतं. छत्रीला काय सांगायचं असतं हो? भिजले, वाळले, संपलं. आता म्हणे माझी पाळी. बरं, बसा मग नीट, आणि मध्ये बोलू नका.

मी ड्रॉइंग बोर्ड. नकाशे काढायचा. शिकलेला नाही. जन्मभर अक्षरांच्या खाली पडून होतो, पण अक्षरं कागदावर, मी कागदाखाली. निबचा दाब लागला तेवढंच माझं शिक्षण. त्यामुळे शुद्ध बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

पाच फळ्या चिकटवून आणि पाठीला दोन पट्ट्या ठोकून एका सुतारानं मला केला आणि नकाशांच्या सरकारी ऑफिसात पाठवला. तिथं आम्ही वीस बोर्ड ओळीनं होतो. माझ्या वाट्याला जो माणूस आला तो तेव्हा तरणा होता. आता म्हातारा आहे, म्हणून म्हाताराच म्हणतो. एकतीस वर्षं त्याची कोपरं माझ्यावर टेकलेली होती. पुढं कम्प्युटर आले आणि आम्हा विसांना जिन्याखाली टाकलं. निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेऊन घरी जातात. ह्यानं मला मागून घेतला. दोन जिने एकट्यानं चढवला, धापा टाकत, आणि कुणी हात लावायला आलं तर अंगावर ओरडला.

घरात त्याची धाकटी लेक. थोरला दुसऱ्या गावाला, त्याचा फक्त फोन येतो. धाकटी गोष्टीच्या पुस्तकांसाठी नकाशे काढायची. नसलेल्या मुलखांचे. म्हाताऱ्याला हसू यायचं. "जे नाही तिथं जायला वाट कशाला हवी?" म्हणायचा. पण एकदा चष्मा चढवून तिच्या कागदावर वाकला तो वाकलाच.

"ही नदी डोंगर चढतेय का?"

"बाबा, गोष्ट आहे ती."

"गोष्टीत पाणी वर जातं?"

"जादूचा मुलूख आहे हो."

"मग जादू राजावर कर, राणीवर कर. पाण्यावर नको. पाण्याचं खोटं कुणाला पटत नाही, रोज पितो ना प्रत्येक जण."

तिनं रबर घेतलं. त्या दिवसापासून दोघं माझ्याजवळ बसायला लागली.

त्यानं तिला सांगितलं ते मीही ऐकलं. आधी डोंगर काढ, मग नद्या, मग माणसं. माणसाला शेवटी बसव, तो पाण्यामागून येतो. नद्या एकमेकींना मिळतात, वाटेत उगाच फुटत नाहीत. डोंगराच्या ज्या अंगाला ढग अडतात तिथं रान, दुसऱ्या अंगाला माळ. किनारा एकसारखा दातेरी काढलास तर तो करवतीचा वाटेल, समुद्राचा नाही. उजेड नेहमी डाव्या वरच्या कोपऱ्यातून पाड, म्हणजे सगळ्या डोंगरांच्या सावल्या एका बाजूला पडतील. ट्यूबमधला हिरवा तसाच लावलास तर पोपट होतो, त्यात चिमूटभर तपकिरी घाल, मग गवत होतं. आणि रंग पातळ. एकदा जाड लावण्यापेक्षा तीनदा पातळ.

मग मोठं काम आलं. एक जाडजूड कादंबरी, आणि तिच्या पहिल्या दोन पानांवर पसरलेला नकाशा. पुस्तकवाल्या बाई म्हणाल्या होत्या, वाचणाऱ्याला तिकीट काढून तिथं जावंसं वाटलं पाहिजे. खाली धाकटीचं नाव छापणार होते. तिचं नाव याआधी कुठं छापलं नव्हतं.

दोघांनी कागद भिजवून माझ्यावर ताणला, चारी कडांना डिंकाच्या पट्ट्या मारल्या. माझं अंग ओलं झालं, पण कुरकूर केली नाही. रेघा म्हाताऱ्याच्या, रंग धाकटीचा. त्याचा हात थरथरायचा, पण निब कागदाला टेकला की थरथर थांबायची. कशी, ते विचारू नका. शेवटी चहाचं पाणी फिरवून कागद जुना केला. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, म्हातारं व्हायला चहा लागत नाही.

सगळं झालं. धाकटी रंगाच्या वाट्या धुवायला गेली. तेवढ्यात म्हाताऱ्यानं सगळ्यांत बारीक निब उचलला आणि दोन टेकड्यांच्या बेचक्यात सात ठिपके दिले. सात घरं. शेजारी एक नाव. मला दाब लागला, म्हणून मला माहीत.

धाकटीनं फोटो काढून बाईंना पाठवला, कागद माझ्यावरच राहिला. आठवड्यानं बाईंचा फोन आला. पूर्वेच्या टेकड्यांत जे गाव आहे ते कादंबरीत कुठंच नाही. लेखक चिडलेत. हे कुठून आलं?

धाकटी भिंग घेऊन वाकली.

"बाबा, हे गाव तुम्ही टाकलंत?"

"असू दे तिथं."

"अहो, पण पुस्तकात असं गावच नाही!"

"म्हणूनच," म्हातारा म्हणाला आणि बोट ओठांवर ठेवून हसला.

आता थोडं ऑफिसचं सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हीही धाकटीसारखेच बघत बसाल. आमच्या ऑफिसात प्रत्येक नकाशात एक खोटी गोष्ट घालायची रीत होती. कुठं नसलेली गल्ली, कुठं नसलेली वस्ती. कुणी नकाशा चोरून छापला की ती खोटी गल्लीही त्याच्याकडं छापली जायची आणि चोर सापडायचा. ती जागा दोघांनाच ठाऊक, काढणाऱ्याला आणि मोठ्या साहेबाला. बायकोलाही सांगायची नाही. एकतीस वर्षं हे अंगात मुरलं. लेकीचा नकाशा कुणी चोरू नये म्हणून त्यानं खोट्या मुलखात खोटं गाव बसवलं. आता खोट्यात खोटं कोण ओळखणार, हा विचार केला नाही गड्यानं. रीत म्हणजे रीत. आणि सांगायचं नाही म्हणजे नाही.

धाकटीला काय दिसलं? आदल्याच महिन्यात दूध उतू घालवलेला, चष्मा फ्रिजमध्ये ठेवलेला, आणि आता नसलेली गावं काढून गालात हसणारा बाप.

तिनं ब्लेड घेतलं आणि गाव खरवडायला लागली. डोळ्यांत पाणी, हातात राग. ब्लेड कागद फाडून माझ्यात घुसलं. म्हातारा दारात उभा होता.

"मुळावर घाव घातलास," एवढंच म्हणाला.

"कसलं मूळ, बाबा? सांगा ना! काहीतरी सांगा!"

तो आत निघून गेला. मी सांगितलं असतं. मला तोंड असतं तर त्याच क्षणी ओरडून सांगितलं असतं की तो शहाणा आहे, तुझ्यापेक्षा आणि त्या लेखकापेक्षा शहाणा आहे. पण बोर्डाचं कोण ऐकतं?

तिनं नवा कागद ताणला आणि सगळा नकाशा एकटीनं पुन्हा काढला. वरून थोरल्याला फोनवर म्हणाली, "डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? तर म्हणाले, तुमच्यामागं कॅलेंडर आहे, वळून बघा. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला." मला हसू आलं. तिला आलं नाही. थोरला म्हणाला असावा की आता त्यांना शाई देऊ नकोस, कारण तिनं निब आणि दौत कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग त्याला रंग भरायचा एक छापील कागद दिला, आधीच आखलेला.

"बाबा, तुम्ही समुद्र रंगवा हं."

हं! बालवाडीत बोलतात तसं. त्यानं मुकाट्यानं रंगवला. दुसऱ्या दिवशी अर्धाच रंगवला. तिसऱ्या दिवशी ब्रश पाण्यात तसाच उभा राहिला आणि केस वाकले. काही बोलला की घरी आलेगेलेले आधी धाकटीकडं बघायचे, मग त्याच्याकडं. हळूहळू त्यानं बोलणंच सोडलं. वार विचारला तर "तुम्हीच सांगा" म्हणायला लागला.

पुस्तक छापून आलं. ते बघायला ऑफिसातला त्याचा जुना सोबती आला. टांगा लांब, म्हणून सगळे त्याला कंपास म्हणायचे. नकाशा बघून खूश झाला.

"वा! अगदी बापाचा हात. आणि खोटं गाव कुठं दडवलंय? सांगू नकोस, मीच शोधतो."

"खोटं गाव म्हणजे काय, काका?"

कंपासानं हसत हसत सगळं सांगितलं. धाकटी माझी कड धरून खाली बसली. मग उठून म्हाताऱ्यापाशी गेली, त्याच्या गुडघ्यापाशी बसली.

"बाबा, ते सात घरांचं गाव तुम्ही मुद्दाम टाकलं होतंत ना? माझ्यासाठी?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं, कंपासाकडं बघितलं.

"कुठलं गाव?"

आता हा रीत पाळत होता की खरंच विसरला होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एकतीस वर्षं ज्याची कोपरं सोसली त्याचं मन मला कळलं नाही, मग तिला काय कळणार? ज्याला गावच आठवत नाही त्याच्यापुढं कसली माफी मागायची, असं तिला वाटलं असावं. ती उठून चहा ठेवायला गेली.

त्या दिवसाला आता कैक महिने झाले. मी भिंतीला टेकून उभा आहे. म्हातारा समोरच्या खुर्चीत असतो. कपाटाचं कुलूप तिनं काढलंय, दौत त्याच्या हाताशी ठेवलीय, पण शाई वाळत चाललीय. गावाचं नाव तेवढं मला माहीत आहे. ते मी सांगणार नाही, विचारू नका.

माझं म्हणणं एवढंच. त्याला कळणार नाही म्हणून गप्प बसू नका. कळो न कळो, म्हणायचं असतं ते म्हणून टाकावं. त्याच्यापुढं जमत नसेल तर माझ्यापुढं म्हणा, मी लाकूड आहे, लाकडापुढं लाज कसली? सहज जाता जाता म्हटलं तरी चालेल. लेखकाकडून मला काही नको, बाईंकडून नको, डॉक्टरकडून तर मुळीच नको. माफी मागायची राहिलीय ती एकटीनंच, आमच्या धाकटीनं.