तुरुंगाला निघालेले बिशपसाहेब

बिशप टेरेन्स मुलहॉलंड तुरुंगात जायला तयार झाले तो फेब्रुवारीतला एक रविवार होता, आणि सेंट हेडविग चर्चचा बॉयलर बंद पडला होता. लोक कोट न काढताच बाकांवर बसले होते. बिशपसाहेब तेवढे घामाघूम होते, कारण ते लढत होते.

"वॉशिंग्टनचं सरकार आपल्याला हुकूम सोडतंय," ते गरजले, "की तुमच्या नोकरमाणसांच्या आरोग्यविम्यात गर्भनिरोधाचाही खर्च घाला! म्हणजे आपल्याच हातांनी आपल्या धर्माचा गळा दाबा! मी दाबणार नाही. खुशाल बेड्या घालून न्या मला. मी हसत तुरुंगात जाईन!"

टाळ्या पडल्या. सेंट हेडविगमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना टाळ्या वाजवायची रीत नव्हती, पण आज वाजल्या. तिसऱ्या बाकावर बसलेल्या लुसिल ग्राबोव्स्कीने हात मांडीवरून हलवले नाहीत. तिने मान वळवून टाळ्या वाजवणारे बाक बघून घेतले. तिच्या आईच्या वेळी त्याच बाकांवर घरटी आठ-आठ, नऊ-नऊ मुलं दाटीवाटीने बसायची. आता दोन. क्वचित तीन. हा चमत्कार जपमाळेने झाला असं बिशपसाहेबांना वाटत असेल तर वाटो बापडं.

बिशपसाहेबांना ती चांगलं ओळखत होती. वेदीची कापडं धुऊन, खळ घालून इस्त्री करणाऱ्या बायकांचं जे मंडळ होतं, त्याची ती कित्येक वर्षं प्रमुख होती. बिशप आले की त्यांच्या जेवणाचंही तीच बघायची. गेल्या वर्षी त्यांनी बिटाचं सूप कोमट आहे म्हणून परत पाठवलं होतं. गरम करून आणलं तर फार गरम आहे म्हणून पुन्हा पाठवलं. असा माणूस हसत तुरुंगात जाणार!

"आई, ह्यांना कुणी धरणारच नाहीये," परत जाताना गाडीत क्लॉडिया म्हणाली. क्लॉडिया तिची धाकटी. सेंट हेडविगच्याच शाळेत चौथीला शिकवायची.

"म्हणजे?"

"चर्चना आणि चर्चच्या शाळांना सरकारने आधीच सूट दिलीये. भांडण आहे ते मोठ्या इस्पितळांचं नि कॉलेजांचं. आपल्या बिशपांना कुणी विचारलेलंसुद्धा नाही."

लुसिलने बाहेर बर्फाने गोठलेल्या सरोवराकडे बघितलं. मग म्हणाली, "बिनबोलावता तुरुंगात घुसायला निघालेला हा पहिलाच."

दोघी हसल्या. तोवर हसण्यासारखंच होतं.

पण एका वार्ताहराने बिशपसाहेबांची पंचाईत केली. तुमच्या स्वतःच्या धर्मप्रांताच्या विम्यात काय काय मिळतं, असं त्याने विचारलं. चौकशी झाली, आणि निघालं असं की शिक्षक, कारकून, सफाईवाले या सगळ्यांना बिशपसाहेबांच्याच विम्यातून ते सगळं वर्षानुवर्षं मिळत होतं. कुणी बघितलंच नव्हतं. कुणाचा धर्म बुडाला नव्हता, देवळाचा कळसही ढळला नव्हता. पण आता चारचौघांत नाक कापलं गेलं. बिशपसाहेबांनी ईस्टरच्या आत विमा ‘शुद्ध’ करून घेतला. सरकारशी लढता येईना, तेव्हा मास्तरणींशी लढले.

क्लॉडियाला गर्भाशयात गाठी होत्या. महिन्यातले कित्येक दिवस तिच्या अंगातलं रक्त नुसतं वाहत असायचं. शिकवताना ती खुर्चीवर गडद रंगाची उशी ठेवायची आणि मुलं विचारायची तेव्हा पाठ दुखते म्हणून सांगायची. तिच्या डॉक्टरीणबाईंनी एक लहानसं साधन बसवायचं ठरवलं होतं. त्याने रक्त आटोक्यात येतं. पण तेच साधन गर्भ राहू नये म्हणूनही बसवतात. ईस्टरनंतरच्या आठवड्यातली वेळ ठरली होती. विमा शुद्ध झाला आणि वेळ गेली.

"आजारपण असेल तर अर्ज करा, विचार करू, असं कळवलं होतं त्यांनी," क्लॉडियाने एका संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगितलं. लुसिल पिरोगीत, त्या पोलिश करंज्यांत, बटाट्याचं सारण भरत होती. "म्हणून गेले. बिशपांचे ते कारभारी, फादर किओ, त्यांच्यासमोर बसवलं मला."

"मग?"

"मग ते म्हणाले, ‘स्राव साधारण किती होतो?’"

लुसिलचा हात थांबला. "कोण म्हणालं? फादर किओ?"

"हो. पेन उघडून बसले होते. मी म्हटलं, डॉक्टरांनी सगळं लिहून दिलंय. तर म्हणाले, ‘तुमचं लग्न झालेलं नाही ना? मग या साधनाचा दुसरा काही उपयोग केला जाणार नाही, एवढं लिहून द्याल का?’"

"आणि तू दिलंस लिहून?"

"मी उठून आले."

"पैसे मी देते. उद्याच्या उद्या जाऊ."

"नको आई. जूनमध्ये शाळा सुटली की बघते मी माझं. आता परीक्षा आहेत." तिने पिरोगीची एक कड चिमटीने दाबली, पण ती नीट मिटली नाही. "आणि पैशाचं नाहीये गं ते. सतरा वर्षं शिकवते मी त्यांच्याकडे. पोरांना पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी मी करून घेते. आणि हा मला विचारतो, स्राव किती."

लुसिलने ती कड पुन्हा दाबून मिटवली. तिला पुरुषांच्या मूर्खपणाचा राग कधी फारसा येत नसे. तिचा नवरा बंदरावर कामाला होता, आणि त्याच्यासोबतचे लोक रोज काही ना काही मूर्खपणा करायचे. पण त्यांनी कधी त्याला धर्म म्हटलं नव्हतं.

मे महिन्यात क्लॉडिया फळ्यासमोर कोसळली. भागाकार शिकवत होती. मुलांना आधी वाटलं की बाई गंमत करतायत. मग तिचा रंग बघून एक मुलगी किंचाळली. इस्पितळात तिला रक्ताच्या बाटल्या चढवल्या. लुसिल पोचली तेव्हा मुलीचा हात मेणबत्तीसारखा पांढरा आणि गार होता. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. महिन्यापूर्वी ते साधन बसलं असतं तर ही वेळच आली नसती." त्या इस्पितळाच्या भिंतीवरही क्रूस होता, म्हणून तिथेही ते बसवता येणार नव्हतं.

लुसिल त्या क्रूसाकडे बराच वेळ बघत बसली. त्याच्यावर तिचा राग नव्हता. तो बिचारा स्वतःच रक्तबंबाळ होता, आणि कुणाकडून काही लेखी मागत नव्हता.

जूनमध्ये सगळ्या बिशपांच्या परिषदेने देशभर ‘स्वातंत्र्याचा पंधरवडा’ जाहीर केला. धर्मस्वातंत्र्यासाठी प्रार्थना, मोर्चे, भाषणं. बिशप मुलहॉलंड यांनी शहरातल्या कोर्टाच्या पायऱ्यांवर सभा ठेवली. बँड असणार होता, झेंडे असणार होते, टीव्हीवाले येणार होते. चर्चच्या दारात त्या सभेचा कागद लागला तेव्हा लुसिलने मंडळातल्या बायकांना घरी कॉफीला बोलावलं.

"बिशपसाहेब तुरुंगात जाणार म्हणाले होते," ती म्हणाली. "त्यांना बायको नाही, मुलगी नाही. त्यांची पिशवी कोण भरणार?"

तिची जन्माची मैत्रीण इरीन पॅटेक आधी नुसती बघत राहिली. मग तिला इतकं हसू आलं की कॉफी नाकात गेली. "अगं लुसिल! तडीस नेशील ना खरंच? नाहीतर आम्हाला पुढे करशील नि स्वतः मागे राहशील."

"मी पुढे. तुम्ही मागे. पण गंभीर चेहऱ्याने यायचं."

बायकांनी पिशवी मन लावून भरली. लोकरीचे मोजे, फ्लॅनेलचा पायजमा, दातांचा ब्रश, राय धान्याच्या पावाची लादी, सॉसेज. इरीनने आपल्या कै. नवऱ्याची गुडघ्यांना लावायची पट्टी घातली, तुरुंगाची जमीन कडक असते म्हणून. एका बाईने सूप थर्मासमध्ये भरलं. "कोमट असेल तर?" कुणी विचारलं. "असू दे," लुसिल म्हणाली, "तुरुंग आहे तो."

सभेच्या दिवशी ऊन कडक होतं. बिशपसाहेब बोलत होते: आपल्या पूर्वजांनी छळ सोसला, आपणही सोसू, कोठडीचं दार उघडलं तर मी मागे वळून बघणार नाही. तेवढ्यात केस विंचरलेल्या, रविवारचे कपडे घातलेल्या आठ म्हाताऱ्या बायका पिशवी घेऊन पायऱ्या चढू लागल्या. कुणी अडवलं नाही. अशा बायकांना चर्चच्या कार्यक्रमात कोण अडवणार?

"बिशपसाहेब, आम्ही सेंट हेडविगच्या," लुसिल म्हणाली. "तुमच्या तुरुंगाची तयारी करून आणलीये."

बिशपसाहेबांनी पिशवीत डोकावलं. मोजे काढून वर धरले. आणि त्यांचा चेहरा असा खुलला की लुसिलला क्षणभर त्यांची कीव आली. त्यांना कळलंच नव्हतं.

"बघा!" ते माइकमध्ये म्हणाले. "या मातांची श्रद्धा बघा! या आपल्या शिपायाला रणावर पाठवणाऱ्या माता आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी लुसिलला कॅमेऱ्यासमोर ओढलं, खांद्यावर हात टाकला आणि मोठ्या मनाने माइक तिच्यापुढे धरला. "बोला माउली, दोन शब्द बोला."

"दोनच विचारायचेत," लुसिल म्हणाली. "कधी निघताय?"

बिशपसाहेब हसले. "देवाची इच्छा होईल तेव्हा."

"नाही, तुरुंग इथेच आहे ना, कोर्टाच्या मागे. चालत जाता येईल." बंदोबस्ताला आलेला शेरीफ डॉम्ब्रोस्की खाली झाडाच्या सावलीत उभा होता. लुसिलने त्याला हाक मारली. "काय रे फ्रँक, बिशपसाहेबांच्या नावाचं वॉरंट आहे का तुझ्याकडे?"

फ्रँक डॉम्ब्रोस्कीला लुसिल तो रांगत होता तेव्हापासून ओळखत होती. त्याने टोपी काढली. "नाही मावशी."

"मग असेच गेले तर आत घ्याल का?"

"असं कसं घेणार? आधी काहीतरी करायला लागतं."

गर्दीत कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. बँडमधला एकजण शिंग तोंडापुढे धरून हसू लपवू लागला. बिशपसाहेबांनी माइक मागे घ्यायला हात पुढे केला, पण लुसिलने तो घट्ट धरला होता. खळीच्या कापडांना इस्त्री करून करून तिच्या मनगटात ताकद आली होती.

"यांनी काहीच केलेलं नाही," ती लोकांकडे वळून म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "सरकारने यांना हातही लावलेला नाही. यांच्यासाठी सूट आहे. यांनी एकच केलं. माझ्या क्लॉडियाचं औषध बंद केलं. ती तुमच्यापैकी कितीजणांच्या पोरांना शिकवते. वर्गात पडली ती, भागाकार शिकवताना. परक्यांचं रक्त चढवून वाचवली. धर्मासाठी तुरुंगात जाणारा माणूस स्वतःचं रक्त सांडतो म्हणतात. यांनी माझ्या पोरीचं सांडलं."

कुणी हसेना. झेंडे नुसते फडफडत राहिले.

बिशपसाहेबांच्या कपाळावर घाम चमकत होता. ते तिच्या कानाशी वाकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "बाई, ही राजकारणाची जागा नाही."

लुसिलने त्यांच्यामागचे झेंडे बघितले, बँड बघितला, निवडणुकीला उभे असलेले आणि पहिल्या रांगेत बसलेले दोन उमेदवार बघितले. मग माइक त्यांच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरली. इरीन मागून येत होती. अर्ध्या वाटेवर ती परत वळली आणि सॉसेज काढून घेऊन आली. "हे चांगलं होतं गं," ती म्हणाली.

टीव्हीवर दाखवलं ते फक्त मोजे आणि खांद्यावरचा हात.

आठवड्याभरात फादर कॅस घरी आले. ते सेंट हेडविगचे धर्मगुरू. स्वभावाने मवाळ, आणि मवाळपणालाच ते दया समजत. लुसिलने पुढ्यात ठेवलेली बटाट्याची धिरडी त्यांनी आंबट साईबरोबर खाल्ली, आणखी दोन घेतली, आणि मग सांगितलं की मंडळाच्या प्रमुखपदावरून तिला मोकळं करायची वरून इच्छा आहे. "माझ्या हातात असतं तर..." ते म्हणाले.

"फादर, तुमच्या हातात काटा आहे," लुसिल म्हणाली. "तेवढा चालतोय. खा."

क्लॉडियाने उन्हाळ्यातच सरकारी शाळेत नोकरी धरली. तिथल्या विम्याने तिचं साधन कुणाला काही न विचारता बसवलं. हिवाळा येईतो तिच्या गालांवर लाली आली, ती सरोवराच्या काठाने लांबलांब फिरायला जाऊ लागली. दुसऱ्या वर्षी बिशप मुलहॉलंड यांची तुरुंगाऐवजी एका मोठ्या शहरात बढतीवर बदली झाली. त्यांच्या निरोपाच्या मिस्सेला फुलं कमी पडली म्हणे. लुसिल गेली नव्हती. त्यांच्याबद्दल तिला आता विचार करावा असंही वाटत नसे. पायाला लागलेला चिखल वाळला की झटकून टाकावा, तितपतच.

पण एक गोष्ट तिला झटकता आली नाही. क्लॉडियाने शाळा बदलली त्याच सप्टेंबरमधल्या एका रविवारी ती नेहमीप्रमाणे कोट घालून क्लॉडियाच्या दारात गाडी घेऊन थांबली. क्लॉडिया घरातल्या चपला घालून बाहेर आली.

"आई, मी नाही येत."

"बरं नाहीये का?"

"बरी आहे. खूप बरी आहे." तिने गाडीच्या खिडकीवर हात ठेवला, तो आता उबदार होता. "मला त्या बाकावर बसलं की फादर किओंचं उघडं पेन दिसतं. प्रार्थना होतच नाही. तू जा."

"अगं, चर्च काय त्यांच्या बापाचं आहे? माझ्या आजोबांनी विटा वाहिल्यात तिथे."

"माहितीये आई. तुझं आहे ते. माझं राहिलं नाही."

लुसिलने गाडी वळवली. ती एकटीच गेली, तिसऱ्या बाकावर बसली, आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी सवयीने वाट द्यायला जरा बाजूला सरकली. शेजारून कुणी उठलं नाही. बिशपसाहेबांचं बाकी सगळं हास्यास्पद होतं, आणि हास्यास्पद माणसाला माफ करणं तिला जड नव्हतं. हे मात्र तिने माफ केलं नाही.